वखारीत पिकवलेला डावा बूट

फैजपूर,
ता. २२ नोव्हेंबर १९९३

आदरणीय पितांबरभाऊ यांस,

मामेभाऊ रुपचंदचा वाकून नमस्कार. इकडे सर्व ठीक. तुमच्या आईचा, म्हणजे आमच्या आत्याचा, गुडघा दुखतो, पण तोंड उत्तम चालते. मनालीच्या थंडीत तुमची तब्येत कशी आहे ते सविस्तर कळवावे. (तुमच्या पत्रात सविस्तर काहीच नसते, हे पुढे येईलच.)

तुम्ही पाठवलेली बर्फावर घसरायची फळी व प्लॅस्टिकचे दोन टणक बूट पोचले. बूट आणि फळीवरच्या क्लिपा अशा जमवायच्या की घालणाऱ्याचा घोटा आरामात वाकावा. १५ डिसेंबरला तुमचे साहेब स्वतः बूट घालून पाहणार आणि पटले तर मला सामानाच्या खोलीत नोकरी देणार. हे मी तीनदा वाचले. दुरुस्ती मला नवी नाही. जीवराम शेठच्या सायकल दुकानात चार वर्षे झाली. (तिथे काम मी करतो आणि खोकतात शेठ.)

क्लिपा पहिल्याच दिवशी बसवल्या. दोन पायांत खांद्यांएवढे अंतर, चवडे जरा तिरपे, टाचेमागची तार घट्ट पण करकचून नाही, टाचेखाली जुन्या टायरचा दोन सूत जाड तुकडा. यात कोणी खोट काढून दाखवावी. पण बूट वाकेना. वरचे खटके सैल केले तरी घोटा प्लॅस्टर घातल्यासारखा ताठ. तेव्हाच तुम्हाला विचारायला हवे होते, पण घरात सुकदेवमामा होते.

मामा मूळ सोनगीरचे, इथे केळीच्या वखारीत देखरेखीला. जगातल्या वस्तू कच्च्या असतात किंवा पिकलेल्या, एवढेच त्यांचे शिक्षण. त्यांनी बूट अंगठ्याने दाबून पाहिला आणि निकाल दिला, "कच्चा शे. दोन दिन वखारमा ठेव, नरम पडी जाई." (आणि मी ऐकले. दहावीला दोनदा बसलेल्या माणसाने ऐकायला नको होते.) बूट केळीच्या घडांमध्ये पानांखाली झाकले, डाव्याच्या शेजारी गोवऱ्यांच्या धुराचे मडके ठेवले. धूर कमी पडतो म्हणून मामांनी मडके रोज वीतभर पुढे सरकवले. तिसऱ्या दिवशी केळी कच्ची होती आणि डावा बूट पिकला होता. गरम आहे तोवर घाल आणि वाकून उभा राहा, वळण बसेल, असे मामांचे पुढचे ज्ञान. मी अर्धा तास तसा उभा होतो. हमाल जाता-येता विचारत होते, केळीची माफी मागतोस का. बूट थंड झाला आणि वळण बसले.

काजळी घासून काढायला दोन्ही बूट चपला शिवणाऱ्या नासीरकडे नेले. त्याने आधी चांगला, म्हणजे उजवा, बूट हातात घेतला आणि टाचेमागची दांडी सहज वर ओढली. बूट घोट्यात अलगद वाकला. दांडीला चार खाचा आहेत. दुसऱ्या खाचेत ठेवली की हवा तेवढाच वाकतो. नासीरने डावा बूट उलटासुलटा करून पाहिला. मग म्हणाला, "भाई, कडी काढली नाही आणि दरवाजा जाळला."

मामांचे म्हणणे, दांडी वखारीमुळेच सुटली. मामांचे सोडा. तुम्ही सहा वर्षे अशा दांड्यांच्या शेजारी राहता, आणि चिठ्ठीत हवापाण्याला पाच ओळी, दांडीला एकही नाही. शिकलेल्या माणसांचे असेच असते.

असो. काम वेळेत पुरे झाले आहे. तिकडच्या थोरामोठ्यांना नमस्कार सांगावा, ओळख नसली तरी.

आपला,
रुपचंद

ता. क. : काम पुरे झाले ते उजव्या बुटाचे. डावा आता सरळ होत नाही, आणि आतून तो हुबेहूब माझ्या पायाचा झाला आहे, करंगळीकडे जरा फुगीर. साहेबांना तो बसणार नाही. तुमचा पाय तसाच आहे, आपल्या दोघांनाही तो आजोबांकडून आला. तरी साहेबांपुढे बूट तुम्ही घालावे आणि आरामात वाकून दाखवावे. डाव्या पायाला काही करावे लागणार नाही.

आणखी ता. क. : उत्तर नकाराचे असेल तर लिहू नये. मी शनिवारी शेठचे काम सोडले, आणि सोडताना त्यांच्याविषयी जे जे वाटते ते गिऱ्हाइकांसमोर क्रमाने सांगितले.