पळीभर रस्सा

सोमवार

ती. आत्यास, सा. न.

शुद्धलेखनाला हसू नकोस आणि उशीर झाला म्हणून रागवू नकोस. एकेक अक्षर शोधून टाइप करते. शाळा सुटली, तशी लिहायची सवयपण सुटली.

बाबांच्या हर्नियाचं ऑपरेशन उद्या दुपारी आहे. भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी बजावलंय, आज रात्रीनंतर पोटात अन्न नको. असलं तर भुलीत वर येतं, फुप्फुसात जातं, माणूस हातचा जातो. बाबा हो हो म्हणाले. पण सकाळी त्यांच्या कँटीनला स्वयंपाक बघायला जाणारच म्हणतात. नवा स्वयंपाकी मिठात गडबड करतो म्हणे. मी काही बोलले नाही. तुला माहितीच आहे मी कशी ते.

माया आहे तशीच ठेव.

तुझी मौनी

सोमवार, संध्याकाळ

चि. मौनीस, अनेक आशीर्वाद.

शुद्धलेखन गेलं खड्ड्यात! अगं, दादा चाखलेलं कधी खाल्लं म्हणून धरतच नाही. माझ्या लग्नात दिवसभर पातेल्यातलं चाखत होता आणि आईला म्हणाला, सकाळपासून पोटात कण नाही. तेव्हा आम्ही पोट धरून हसलो. आज हसू येत नाही. त्याच्यासोबत जा. पळीवर नजर ठेव. आणि एकदा तरी तोंड उघड गं बाई.

जपून राहा, लगेच कळव.

तुझी आत्या

मंगळवार, हॉस्पिटलमधून

ती. आत्यास, सा. न.

गेले होते गं सोबत. बाबांनी पळीभर रस्सा चाखला. मीठ घालून परत चाखला. मग बटाटा शिजलाय का बघायला अख्ख्या दोन फोडी. मी हात धरला तर म्हणाले, वेडे, हे काय जेवण आहे का? नवा स्वयंपाकीपण हसला.

इथे नर्सताईंनी विचारलं, काही खाल्लंय का? बाबा म्हणाले, छे, काही नाही. खोटं नाही गं बोलले, त्यांना तसंच वाटतं. मी त्यांच्या चपला पिशवीत भरत राहिले. त्यांनी मला टपली मारली, म्हणाले, रस्सा आज फक्कड जमला. आणि आत नेलं त्यांना.

दार लागलं तेव्हा कळलं, आता त्यांना कोणी काही विचारणार नाही. मी दार बडवलं. दुसऱ्या नर्सताई आल्या. म्हटलं, बाबांनी चाखलंय. त्या म्हणाल्या, चाखलंय म्हणजे काय? मी म्हटलं, जेवलेत.

त्या वळल्या आणि पळत सुटल्या. अजून कोणी बाहेर आलेलं नाही. मी बाकावरच आहे. 

लोभ असू दे, आज जरा जास्तच.

तुझी मौनी

ता. क. शिलाईच्या दुकानात मला कायम केलं. काल सांगायचं राहिलं.