गोलामागं उभं राह्याचे साठ रुपये

सोम. ५ जाने.
राकेशदादानं मोबाईलवर पाम्प्लेट दाखवलं. तो बाजूच्या घरचा, गावच्या टीमचा गोलकीपर. कॉलनीच्या ग्राउंडवर फुटबॉलची टुर्नामेंट असते ना, तिले या साली तिकीट हाय म्हने. उभं राह्याचे साठ, खुर्ची दीडशे. एका दिवसाचे! आजवर फुकट होतं. मले वाटलं मस्करी करून राह्यला. मंग त्याचं तोंड पाह्यलं.
आमी गावातले तीस जन दरसाली पिकअपमंधी जातो, डफडं घेऊन. गोलाच्या मागं आमची जागाच हाय ते. गेल्या साली पयल्याच मॅचले सहा गोल खाल्ले, तरी शिट्टी वाजेपर्यंत नाचलो. लोक हासले. हासू द्या.
साठ रुपयासाठी मायले भद्रावतीच्या बाजारात मासोळ्या घेऊन किती वेळ बसा लागते, तिकीटवाल्यायले काय मालूम.

गुरु. ८
विलासभाऊ आले. टुर्नामेंटच्या कमेटीचे. नायलॉन दोरीचं बंडल घेऊन. दोन्ही गोलाचे जाळे आमच्याच घरून जाते, आज्याच्या टायमापासून. विनायचा पैसा घेतला नाई कधी. बाबा म्हनते, तलावाचं जाळं पोटाचं, हे हौसेचं.
या साली बाबाच्या अंगठ्यात मासोळीचा काटा मोडला. सुजला. तर मीच विनतो. नववीत शाळा सोडली तवापासून हेच तर धड येते मले.
बाबा म्हने, "भाऊ, आमच्या गावाले तरी सोडा ना तिकिटाचं."
"तुमच्या घरच्यायले दोन पास देतो ना काका."
"अन् बाकीचे?"
"बाकीच्यायले कसे द्यू? नागपूरचे खेळाडू आनून राह्यलो, मंडप हाय, माईक हाय. पैसा काय झाडाले लागते?"
मी दाराआड होती. बोलाचं होतं लय. चहा नेऊन देल्ला फक्त. साखर जास्त झाली म्हने.

रवि. ११
जाळे झाले. पयल्या दोन रांगा सवयीनं बारीक विनल्या. बाबा पाहून हासले, "काऊन वं, गोलात झिंगे धरतं का?" सगळं उसवलं. मंग मुठीच्या मापानं विनलं.
बोटं सोलले. पन जाळं झ्याक झालं. मायबी म्हने.

गुरु. १५
पयली मॅच. ग्राउंडभोवती हिरवं कापड बांधलं, बाहेरून काई दिसू नाई म्हनून. आज पासवाले आमी दोघं सोडून सगळ्यायनंच तिकीट काढलं. पयला दिवस हाय म्हनून कोनी कुरकुर नाई केली.
गोलामागं गेलो तं खुर्च्या. एक पोट्टा लाल टोपीवाला, "इथी उभं नका राहू, खुर्चीवाल्यायले दिसत नाई." आमाले कोपऱ्यात लोटलं. तिथून अर्धा गोल दिसते. डफडं वाजवलं तं माईकवाल्याचं ऐकू येत नाई म्हने!
२-१ जिंकलो. तरी वापस येतानी पिकअपमंधी गानं नाई. भागाबाई म्हने, "आता माह्याच्यानं नाई होत बापा. घरी चार तोंडं हाय."
जाळे सोडून घरी आनले. ग्राउंडवर ठेवले तं ढोरं शिंगात घेऊन जाते.

रवि. १८
आत आमी सहाच. मी न् बाबा पासवर. बाकीचे कापडाच्या बाहेर. गावचा सोनू बाभळीवर चढून वरून सांगे, खालचे डफडं वाजवत. पन बाभळीवरून कोनत्या टीमचा गोल ते समजत नाई ना. एकदा वरून "गोल!" केलं, बाहेर नाचनं सुरू. गोल त्या टीमचा होता. आतले सगळे हासले. माईकवालाबी बोलला कायतरी. राकेशदादापन हासला, मंग मागं वळून पाह्यलं त्यानं. मागं खुर्च्या.
३-२ जिंकलो. पासवर बसून मले चोरी केल्यासारखं...

गुरु. २२
सेमीले तिकीट शंभर. वाढवलं. जिंकत जाऊ तसं वाढते म्हने. म्हनजे आपल्या टीमनं हरावं का?
हाप टैमले जाळं फाटलं. माईकवर, "जाळंवाले कोन हाय, ग्राउंडवर या." बाबाच्या अंगठ्याले पट्टी. मले लोटलं. एवढे लोक. मी खाली पाहूनच चालली. बांबूची सुई हातातून दोनदा पडली.
शेवटच्या तीन गाठी राह्यल्या अन् हात थांबला माहा. ठरवलं नवतं मी.
विलासभाऊ आले. "झालं का वं बाई?"
"आमचे लोक बाहेर हाय."
"काय?"
 परत म्हनलं.
"बरं बरं, सोडतो त्यायले. तू गाठ मार, पंच पाहून राह्यला."
मारल्या गाठी.
फाटक उघडलंच नाई. पूरा सेकंड हाप मी फाटकाकडं पाहत होती. १-० जिंकलो म्हने. गोल मी पाह्यला नाई.

शुक्र. २३
बाबा, "इसरला असन तो, गडबडीत."
माय, "इसरला नाई. पोरीले येडं बनवलं."
फायनलचं तिकीट दीडशे. उभं राह्याचे. सोनू म्हने मोबाईलवर दाखवनार हाय, घरीच पाहू. मोबाईलले काय डफडं वाजवनार?
कोंबड्यायपुढं बोलून पाह्यलं. "पयले आमचे लोक आत." कोंबड्यायपुढं बरोबर येते.

रवि. २५
फायनल. तीन वाजता.
बाराले विलासभाऊ गाडीवर आले. मी एक जाळं नेऊन देल्लं.
"दुसरं?"
"पयले आमचे लोक आत. मंग आनून देतो मी."
 कोंबड्यायपुढं म्हनलं तसंच म्हनलं.
"रेडिमेड भेटते चंद्रपूरले. समजलं का?"
"भेटते तं घ्या."
ते बाबाकडं पाहत राह्यले. बाबा मले म्हने, "हौसेच्या कामात सौदा करतं का वं?" मंग माह्याकडं पाह्यलंच नाई. विलासभाऊचं काई नाई वाटलं. हे लागलं.
मी आत येऊन दुसऱ्या जाळ्यावर बसली हाय. तिथूनच लिहून राह्यली. मायनं पानी आनून देल्लं.
पिकअप आली. लोक चढून राह्यले, भागाबाईबी. तिकीट कोनापाशीच नाई. डफडं तापवाले सोनूनं काड्या पेटवल्या.
राकेशदादा ड्रेसवर आला. मले वाटलं म्हनन, दे ना वं. तो तं बाजूले बसून बूट बांधून राह्यला.
विलासभाऊ चिचेखाली कोनाले फोन लावून हाय, अर्धा घंटा झाला.
आता फोन खिशात ठेवला. इकडंच येऊन राह्यले. तोंडावरून काई समजत नाई.