रिसीव्हरमधला कापूस

अहो,

मी बसस्टँडवर जायलेय. आई चारठाण्याहून कान दाखवायला यायलीय, अन् ती डॉक्टरांच्या दारात पोचायच्या आत मला तिला गाठायचंय.

सकाळी फोन पुसताना रिसीव्हरचं बोलायच्या बाजूचं झाकण फिरवून काढलं, तर आत कापसाचा बोळा निघाला. त्याला तुमच्या हिना अत्तराचा वास येतोय, तेव्हा दुसऱ्या कुणाचं नाव घेऊ नका. मला आईचं सगळं ऐकू यायचं अन् तिला माझं धड काहीच नाही. लाईनमन बिचारा खांबावर चढून वायर बघून गेला. तुमचा आवाज मात्र सगळीकडं नीट जायचा, कारण बोलायच्या आधी तुमी बोळा काढून घ्यायचात.

माझं आईशी बोलणं लय लांबतं असं वाटत होतं, तर तसं तोंडावर सांगायचं होतं. वर माझ्या भावाला तुमीच सांगितलं, आईचे कान गेलेत, दाखवून घ्या म्हणून. तिनं ते खरं मानलं.

पोळ्या झाकून ठेवल्यात, वरण गरम करून घ्या. बोळा फोनपाशीच हाय, हलवू नका. आई घरी आली की तिच्या पुढ्यात तो तुमीच ठेवा अन् काय ते सांगा. हळू आवाजात सांगितलं तरी चालेल, तिला सगळं ऐकू येतं.

प्रमोदिनी