भागिले आठ

४ फेब्रुवारी

नोकरी लागली, घर मिळालं आणि आज बाबांनी स्वतः चहा केला. एका दिवसात एवढं सुख पचायचं नाही. गेल्या महिन्यात त्यांना अर्धांगाचा हलका झटका येऊन गेला, डावा हात अजून जरा आळशी आहे. चहा बशीत सांडला तर म्हणाले, बशी त्याचसाठी असते.

रुग्णालयात माझी खोली तळघरात, सीटी स्कॅनच्या शेजारी. काम अगदी मनासारखं. रुग्णाच्या स्कॅनवरून संगणकात त्याचं शरीर उभं करायचं, बारीक बारीक ठोकळ्यांचं. मग त्यातून कोट्यवधी खोटे किरण सोडायचे. कुठला किरण कुठे अडला हे कळलं की कुठल्या अवयवाला किती मात्रा मिळाली ते समजतं. जिवंत माणसाच्या आत काही मोजपट्टी घालता येत नाही ना! यंत्र चालवणाऱ्या ताई इथे वीस वर्षं आहेत. माझ्या खुर्चीला पाठ नीट नाही म्हणून त्यांनी आपली उशी आणून दिली.

७ फेब्रुवारी

माझ्या आधीच्या माणसाच्या प्रोग्रॅममध्ये शेवटी एक ओळ सापडली. आलेलं उत्तर भागिले आठ. का, ते लिहिलेलं नाही. विभागप्रमुख सरांना विचारलं. ते म्हणाले, त्याची उत्तरं यंत्राच्या पडद्यावरच्या आकड्याच्या आठपट यायची, कुठेतरी चुकत होता बिचारा, मग जुळवून घेतलं. मी मान डोलावली. नव्या माणसाने आल्या आल्या भांडी आपटू नयेत.

१० फेब्रुवारी

बाबांच्या मेंदूतल्या रक्तप्रवाहाचा स्कॅन झाला. तीन आठवड्यांची रांग होती, पण मी ताईंना गळ घातली. यात यंत्र डोक्याभोवती एकाच जागी पुन्हा पुन्हा फिरतं, चांगलं पाऊण मिनिट. बाबा हलले, चित्रं बिघडली. ताईंनी माझ्याकडे पाहिलं. मीच म्हटलं, लगेच परत करून टाका. बाहेर आल्यावर बाबांनी विचारलं, डोक्यात काही सापडलं का, की तुझी आई म्हणायची तेच खरं.

२७ फेब्रुवारी

एक बाई आल्या होत्या. डोक्याचा स्कॅन महिन्यापूर्वी झालेला. त्यांनी रुमाल सोडला. एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत चार बोटं रुंद पट्टा, केस नाहीत. कडा इतकी सरळ, की पट्टी ठेवून काढावी. सरांनी त्यांना सांगितलं, औषधांनी होतं असं. त्या गेल्यावर ताई हळूच म्हणाल्या की या तिसऱ्या.

२८ फेब्रुवारी

भागिले आठची ओळ काढली. प्लॅस्टिकच्या डोक्यात मापक ठेवून स्कॅन करून पाहिला. तीनदा. माझं उत्तर आणि मापकाचा आकडा तंतोतंत जुळतात. तो माणूस चुकत नव्हता. पडदा खोटं बोलतोय.

बाबांचा हिशेब अजून केलेला नाही. धीर होत नाही.

१ मार्च

केला. आणि दोनदा स्कॅन — म्हणजे दुप्पट.

सरांना सगळं दाखवलं. म्हटलं, यंत्र आजच्या आज बंद करा. ते म्हणाले, कंपनीचा माणूस पुढच्या आठवड्यात येईल, तोवर लोकांना घाबरवू नकोस. दुपारी माझा पासवर्ड चालेना.

२ मार्च

उशीवर केस. मूठभर.

बाबा आरशासमोर उभे होते. म्हणाले, "बघ, भांग कसा आडवा पडलाय." मी सांगायला तोंड उघडलं आणि म्हटलं, तेल बदलून बघू.

तेल! माझ्या तोंडाला —

३ मार्च

सकाळी किरणसुरक्षेच्या कार्यालयात. लेखी द्या म्हणाले. दिलं. तारखा आणि वेळा हव्यात म्हणाले.

घरी आले. बाबा नाहीत. टेबलावर चिठ्ठी: केसांचं डॉक्टरांना फोनवर सांगितलं, ते म्हणतात डोकं पुन्हा तपासू, तुला कालपासून काळजीने खाल्लंय म्हणून न सांगता जातो, तासाभरात येईन.

फोन उचलत नाहीत. ताईही उचलत नाहीत.

११.१० तळघर. वेळा लिहून ठेवते.

११.१२ ताईंचं दार आतून बंद. ठोठावलं. नाव घेऊन ओरडले. भिंतीत शिसं आहे, आवाज —

११.१४ दारावर लाल दिवा.

रक्षकाने मागे ओढलं. भला माणूस आहे, हात नाही पिरगळला. म्हणतो, मॅडम, आत किरण चालू आहेत, तुम्हाला अपाय होईल —

मला म्हणतो

११.१४ अजून लालच

बाबा आत