एकतीस डिसेंबरचं शिंगरू

१४ डिसेंबर, रविवार. कुंडल

पोचले! सांगलीहून दोन बॅगा घेऊन. संपादकांना सांगितलं, तीन आठवडे सदर माहेरून पाठवते, घरी बाळंतपण आहे. खोटं नाही. बाळंतीण घोडी आहे, एवढंच.

आणि काय घोडी! रेसच्या कागदांवर 'डेक्कन वेल्वेट', इथे मखमल. दादाने तिच्यासाठी स्वतःच्या खोलीपेक्षा मोठी खोली बांधलीय. खाली भाताचा पेंढा, वर पंखा. डिसेंबरात पंखा! अकरा शर्यती पळाली, चार जिंकली. त्यातली पुण्याची सोळाशे मीटरची दादाने मोबाइलवर मला इतक्यांदा दाखवलीय, की शेवटच्या वळणावर ती कुठला पाय आधी टाकते ते मी झोपेत सांगेन. मग पुढच्या पायाची शीर गेली आणि पळणं संपलं. मालकाने ती दादाला देऊन टाकली. पलटणीतून आल्यावर दादाने बारा वर्षं त्याचे घोडे सांभाळले, त्याची आठवण म्हणून. वर फळवायला आपल्याच स्टडवरचा, म्हणजे पैदाशीच्या फार्मवरचा, नामांकित घोडाही तिला दाखवला.

"शिंगरू पुण्याला पळणार, संयू! त्याच मैदानात!"

मानसिंगदादा. कागदावर छप्पन्न वर्षांचा, स्वतःच्या मते पंचावन्न. उड्या मारताना नऊ.

१६ डिसेंबर

आज दादाने शिकवणी घेतली. रेसच्या घोड्यांचा वाढदिवस एकच, एक जानेवारी. शिंगरू मार्चात जन्मो नाहीतर मेमध्ये, येत्या एक जानेवारीला ते एक वर्षाचं. म्हणून जानेवारीत जन्मलेलं सगळ्यात भाग्यवान, कारण बरोबरच्यांत तेच थोराड. म्हणून दादाने हंगाम उघडल्या उघडल्या, चौदा फेब्रुवारीला, मखमलला घोडा दाखवून घेतला. (तारीख मी निवडलेली नाही.) सवाअकरा महिने धरले की वीस जानेवारी.

"गणित बघ की! जरा सुदीक चूक न्हाई!"

मी म्हटलं, "म्हणजे घोड्यांचाही एक जूनच की!"

दादा हसला नाही. कसा हसेल?

आबा छत्तीस वर्षं इथल्या शाळेत गुरुजी. आयाबाया पोरं घेऊन यायच्या, तारीख कुणालाच ठाऊक नसायची. आबा लिहायचे: एक जून. अर्ध्या कुंडलचा वाढदिवस एकाच दिवशी! माझा सगळ्यात गाजलेला लेख त्यावरचाच. आबांनी तो वाचला, घडी घातली, म्हणाले, "शुद्धलेखन बरं आहे."

पण दादाचं दुखणं वेगळं. त्याचंही एक जूनच. शिवाय वर्ष एकाने मागे ढकललेलं. शाळेचा पट भरत नव्हता, म्हणून पाच वर्षांचा दादा कागदावर सहाचा झाला. पुढे आठवीत सांगलीला जिल्ह्याच्या स्पर्धा, आठशे मीटर. खऱ्या वयाने लहान गटात पळायचा, कागदाने मोठ्या गटात टाकला. सातवा आला.

"मिशा हुत्या त्यांना, संयू, मिशा!" बेचाळीस वर्षं हे ऐकतेय. त्यांच्या मिशा दर वर्षी थोड्या वाढतात.

आईला विचारलं की ती एवढंच म्हणायची, "आंब्याची आढी घातलेली तवा झालास." दादा म्हणायचा, "म्हयना खरा, वरीस खोटं!"

२७ डिसेंबर, शनिवार

रमजानचाचा आले. सांगलीचे जुने नालबंद, मखमलचे खूर तेच बघतात. खुरांवरून नजर कासेकडे गेली आणि थांबली.

"मानसिंगा, कास भरलीया रं."

"वीस तारीख हाय, चाचा."

"तारीख तुला ठावं. तिला कुठं ठावं?"

दादा बोटांवर दिवस मोजायला लागला. माझ्याही डोक्यात मग उजेड पडला. एकतीसच्या आत व्याली, तर एक जानेवारीला शिंगरू एक वर्षाचं! ओठावरचं दूध वाळायच्या आत! मग जन्मभर आपल्याहून वर्षाने मोठ्या घोड्यांबरोबर पळायचं.

दादाच्या मिशावाल्यांवरचं एक वाक्य जिभेवर आलं होतं. गिळलं. पन्नाशीत पहिल्यांदा.

२८ डिसेंबर

मोहीम ठरली! रमजानचाचांचं शास्त्र असं, की घोडी लाजाळू. समोर माणूस असलं की कळ धरून ठेवते, एकांत मिळाला की मोकळी होते. तेव्हा एकांत द्यायचाच नाही. चार दिवस, चोवीस तास, खुर्च्या टाकून समोर बसायचं. दादाने पलटणीसारख्या पाळ्या लावल्या. सकाळी आबा, दुपारी चाचा, चार ते सहा मी, बाकी सगळा वेळ दादा. शिवाय येणारंजाणारं आहेच. पाहुणी कुणाची का असेना, कुंडलकर बघायला येतोच.

आबा चौऱ्याऐंशीचे. पाळी चोख करतात, मखमलला पेपर वाचून दाखवतात. अग्रलेखाला तिने कान पाडले. जाणकार आहे!

मी बसते तेव्हा ती माझ्याकडे बघते. सत्कार-समारंभात मी वक्त्यांकडे बघते, अगदी तसंच.

२९ डिसेंबर

धरलंय! सडांवर मेणासारखे थेंब दिसतात, व्यायची खूण. चाचा म्हणतात, आता तिच्या मनावर.

३० डिसेंबर

धरलंय!! दादा दाढीसुद्धा तिच्यासमोर करतो. सदर पाठवलं नाही. संपादकांचा फोन— "काय झालं, मुलगा की मुलगी?" म्हटलं, अजून कुणी नाही, देवाच्या कृपेने.

३१ डिसेंबर, बुधवार

 

माझी पाळी होती. माझी!

सव्वाचारला बाहेर दणका. कारखान्याकडे निघालेली उसाची ट्रॉली आमच्या वळणावर कलंडली. गाणं मात्र ट्रॅक्टरवर चालूच. आरडाओरडा, गर्दी, "हिकडनं दाबा!", "आरं तिकडनं न्हवं!" वीस माणसं, बावीस सल्ले. गोठ्यातले सगळे धावले. मी म्हटलं, दोनच मिनिटं. सदराला विषय मिळेल. वही घेऊन गेले!

वीस-पंचवीस मिनिटं झाली असतील. ड्रायव्हर सुखरूप होता, माझी दोन पानं भरली होती. परत आले तर पेंढ्यावर ओलं, चकचकीत, लांबच लांब पायांचं काहीतरी, आणि मखमल त्याला चाटतेय. कपाळावर पांढरा पट्टा. मी किंचाळले. सगळे धावत आले. तासाभरात ते उभं राहिलं! पडलं, उभं राहिलं, पुन्हा पडलं, पुन्हा उभं! चाचा रडत होते, मी रडत होते, दादा त्याच्या चारही पायांना हात लावून बघत होता. "नर हाय! आगं, पाय बघ, संयू, पाय बघ!"

मग त्याने घड्याळ पाहिलं.

"कवा झालं?"

"चार चाळीस."

"सात तास," तो म्हणाला. "सात तास आन् वीस मिनिटं कमी पडली."

मग पेंढा बदलायला लागला. मला रागावला असता तर बरं झालं असतं.

१ जानेवारी, गुरुवार

शिंगरू आज एक वर्षाचं झालं. वय पंधरा तास.

सकाळी जनावरांच्या डॉक्टर आल्या, क्रांतीताई. तपासलं; थोडं लवकरचं, पण दमदार. आमची तोंडं बघून त्यांनी ओळखलं. "मी काल इथं नव्हते. तुम्ही सांगाल ती तारीख मी मांडणार." आणि गेल्या. आता नोंदणीचा फॉर्म. इंग्रजी. या घरातले सगळे फॉर्म मीच भरते.

आई, बाप, रंग, कपाळावरचा पट्टा, सगळं भरलं. एकच चौकोन रिकामा.

रमजानचाचा म्हणाले, "ताई, माणसाला एक जून चालतं, मग घोड्याला एक जानेवारी का नगं?"  मी सगळ्या गावाला हसले. त्यांच्या पोरांच्या तारखा खोट्या म्हणून! आणि आता माझं पेन त्या चौकोनावर. गल्लीने सगळं पाहिलंय, पण गल्ली बोलणार नाही. गल्लीचाच वाढदिवस एक जूनचा.

"तुझी पाळी हुती, संयू," दादा हळूच म्हणाला.

मी पेनाचं टोपण काढलं. खरंच काढलं. या पानाला तरी खोटं कशाला सांगू?

कोपऱ्यातून आबा म्हणाले, "एकतीस लिही."

दादा गर्रकन वळला. "तुमी सांगताय? तुमी?!"

"व्हय. मीच सांगतोय."

"माझ्या टायमाला कुठं गेलता ह्यो खरेपणा? पट भरायला पोराचं वरीस खाल्लं तुमी! आता ह्याचं बी खावा!"

आबांनी पेपर तोंडासमोर धरला. उलटा होता.

२ जानेवारी

घरात तिघे आणि फॉर्म. दादा गोठ्यात जेवला, आबा ओट्यावर, मी फॉर्मसमोर.

४ जानेवारी, रविवार

पळालं!!

सकाळी उन्हात मायलेकरांना मागच्या आवारात सोडलं. आधी आईला चिकटून उभं. मग काय अंगात आलं कोण जाणे, शेपटीचा झुबका वर, आणि सुटलं! कुंपणापर्यंत, परत, पुन्हा कुंपणापर्यंत. पाय चार, दिशा पाच. मखमल मागून निघाली. शिरेचा पाय, तरी तिने ते वळण घेतलं, मोबाइलवरचं, तेच! मी टाळ्या वाजवत होते. सांगलीत माझी लोकांना भीती वाटते, इथे मी शिंगराला टाळ्या वाजवते.

दादा कुंपणाला टेकून उभा.  मग म्हणाला, "लिही एकतीस."

"दादा, नक्की?"

"मोठ्यांत पळंल. मी पळलो की! सातवा आलो, पर मधी थांबलो न्हाई. मिशावाली दोघं माझ्या मागं हुती, संयू. दोघं!" हसला. "त्येला सांगीन मी. मोठ्यांत कसं पळायचं ते मला ठावं हाय. दुसऱ्या कुणाला ठावं हाय हितं?"

लिहिलं. ३१. दोनच आकडे, पण असं सरळ अक्षर माझं कधी आलं नव्हतं.

आबांना सांगायला गेले. त्यांनी मान हलवली, चष्मा काढला, पुसला, पुन्हा पुसला.

५ जानेवारी

फॉर्म पोस्टात टाकून आले. आबा ओट्यावर एकटेच होते. सहज विचारलं, खरं तर सदरासाठीच, "आबा, दादाचं खरं वर्ष कोणतं हो?"

"दाखल्यावर लिहिलंय तेच."

"म्हणजे?"

"चारशे पोरांच्या तारखा अंदाजानं लिहिल्या मी. त्याची एकच खरी आहे. हरून आला, दोन दिवस जेवेना. म्हटलं, तू हरला नाहीस रं बाळा, मीच तुझं वय वाढवलंय. तुझी आई म्हणाली, मी पण हेच सांगीन."

मागच्या आवारातून दादाचा आवाज येत होता. शिंगराला सांगत होता, "भ्यायचं न्हाई, गड्या. मी सोता पळलोय मोठ्यांत."