तू विहिणीला सांगितलेला सिनेमा

अक्का, तू बिदरच्या टॉकीजमध्ये माझ्या सासूबाईंना सांगितलेला तो सिनेमा परवा रविवारी टीव्हीवर लागला. तू जाऊन इतकी वर्षं झाली, तरी नावं सुरू होताच मी तो ओळखला. शेजारीच सासूबाई सुपारी कातरत बसलेल्या.

त्या काळ्यापांढऱ्या सिनेमांचं तुला केवढं वेड! दुपारच्या खेळाला, बायकांच्या बाकांवर, मला शेजारी घेऊन बसायचीस. रंगवलेलं आभाळ, स्टुडिओतला पाऊस, शेठच्या घरातला तो भला मोठा जिना. "चंद्र पुठ्ठ्याचा आहे," मी शहाणपणा करायची. "मग? पुठ्ठ्याचा हाय म्हणून तर पायजे तिथं थांबतोय," तू म्हणायचीस. नटीच्या फक्त डोळ्यांवर उजेड पडला की माझा हात दाबायचीस, आणि बाकी चेहरा अंधारात कामून ठेवलाय ते घरी भाकरी थापताना सांगायचीस. "सगळंच दावलं तर आपण काय बघायचं?" हल्लीचे रंगीत सिनेमे बघताना मला हे आठवतं आणि नुसती चिडचिड होते.

हुरड्याच्या दिवसांत सासूबाई गुलबर्ग्याहून लग्न ठरवायला आल्या. माझी मॅट्रिकची परीक्षा तोंडावर, आणि त्यांच्याकडं सगळ्यांना लग्न माघातच, परीक्षेच्या आधीच हवं. अप्पा तर होकार देऊन बसलेले. मुलीची आई तू, वरपक्षाच्या बाईला तोंडावर नाही कशी म्हणणार? म्हणून सिनेमाला नेलंस. "मला ती हिंदी कळत न्हाई बघा, तुम्हीच सांगत चला," त्या म्हणाल्या. आपल्याकडं ही रीतच होती, जिला कळतं तिनं शेजारणीला सांगत जायचं.

जिन्यावर बाप उभा आहे, खाली मुलगी. ती मान खाली घालून म्हणते, तुमची मर्जी तीच माझी. "काय म्हणायलीय?" सासूबाई विचारतात. तू म्हणतेस, "म्हणायलीय, आधी परीक्षा देते, मग तुम्ही म्हणाल तिथं मांडवात उभी राहते." मागच्या बाकावरची बाई खुदकन हसली. मेलेच मी! पडद्यावर नटी ढसाढसा रडायलीय, परीक्षेसाठी असं कोण रडतं? आता लग्न तर मोडेलच, वर गावभर छी-थू होईल, या भीतीनं मी तुझा पदर ओढत होते. तू काही थांबली नाहीस. बाहेर आल्यावर त्या चपला घालता घालता म्हणाल्या, "परीक्षा होऊ द्या. घाई न्हाई."

मी मॅट्रिक झाले, मग लग्न झालं, पुढं हुमनाबादला शाळेत बाई म्हणून लागले. पण तू त्यानंतर टॉकीजची पायरी चढली नाहीस. सिनेमाला जात राहिलं तर विहीण आल्या की त्यांनाही न्यावं लागेल, कुणीतरी खरं बोलून जाईल, आणि पोरीला सासरी जन्मभर बोल लागतील, हा धाक. नुसता विषय निघाला तरी तू चहा टाकायला उठायचीस. मी आग्रह केला तर म्हणायचीस, "डोळे दुखत्यात." कसले दुखतायत! सुईत दोरा ओवायचीस की एका झटक्यात.

तर परवा तो जिना आला. मी आवाज कमी करायला उठणार, तोच सासूबाई बोलल्या, "म्हणायलीय, आधी परीक्षा देते, मग तुम्ही म्हणाल तिथं मांडवात उभी राहते." शब्दाला शब्द. मी त्यांच्याकडं वळले. त्या हसायला लागल्या. "अगं, माझी शाळा उर्दूच होती, निजामाच्या काळातली, सिनेमातलं सगळं कळत होतं मला. माझ्या सासरी शिकलेली सून नको होती, म्हणून मी कुठं बोलले न्हाई. तुझी अक्का बिनधास्त खोटं रेटायलीय, तू तिकडं तिचा पदर ओढायलीस. म्हटलं, एवढा जीव अडकलाय तर देऊ दे पोरीला परीक्षा."

"मग तिला सांगितलं कामून न्हाई?" माझा आवाज चढला.

"लाजली असती बिचारी."

बिचारी! त्यांनी तुझी लाज राखली, तू त्यांना भिऊन राहिलीस, आणि दोघींच्या मध्ये तुझे सिनेमे गेले. मला दोघींचा राग आला आणि तिथंच रडू फुटलं.

हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकणार? लिहून झालं की चुलीत जाईल. पण एक सांगते. सासूबाईंनी मग हळूच विचारलं, "अक्का नंतर जात होती न्हवं सिनेमाला?"

मी डोळे पुसले आणि म्हटलं, "व्हय तर, दर आठवड्याला."