खालच्या कप्प्यातली बुरशी

मी खाली सही करणारी, वय चोपन्न, व्यवसाय बुरश्या पाळणे, हे लिहिते तेव्हा पूर्ण भानावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. माझ्या यकृताविषयी त्यांचं मत इतकं चांगलं नाही. याआधी मृत्युपत्र केलेलं नाही.

घर दादाला. माझ्या पहिल्या तपासणीनंतरच त्याने ते मोजून घेतलंय, तेव्हा पुन्हा मोजणी नको. फ्रिज वहिनीला, खालचा कप्पा रिकामा झाल्यावर. दुधाशेजारी बुरशी ठेवते म्हणून तिने माझ्याकडचा चहा सोडला होता. तो राग मी सोडला.

आता तो कप्पा. समुद्रात कुजलेल्या एका फळीवरून ही बुरशी मी आणली आणि काचेच्या नळ्यांत वाढवली. एका झाडाच्या सालीतलं जहाल कडू द्रव्य ती घेते आणि औषधाला चालेल असं करून परत देते. आम्हाला प्रयोगशाळेत आम्लं ओतून जे साधलं नाही, ते ती खाऱ्या पाण्यात बसून करते. शोधनिबंधावर नाव आमच्या सरांचं. मी संस्कृत शिकलेली, ‘इदं न मम’ म्हणण्याचा सराव होता. आभारांत मी होते, काचसामान पुरवणाऱ्याच्या खाली.

गेल्या आठवड्यात सर संत्री घेऊन इथे रुग्णालयात आले. खुर्ची ओढून म्हणाले, "बाई, आमच्याकडची बुरशी वाढते झकास, पण काम करेनाशी झालीय. तुमच्या मूळ नळ्या कोणाला देणार?"

"मी बरी आहे, सर."

"हो हो, ते आलंच."

सबब, सर्व नळ्या माझ्या हाताखाली शिकलेल्या चिमणीला. तिलाही सर हल्ली आभारांतच घालतात. तिने नळ्या उचलाव्यात आणि दुसरीकडे जाऊन स्वतःच्या नावाने काम करावं. अट एकच: सरांना नळी द्यायची नाही, त्यांची बुरशी अडल्याचं कारणही सांगायचं नाही.

कारण असं की सरांनी बुरशीला साखर घातली. पोट भरलेली बुरशी कडूला तोंड लावत नाही. तिला उपाशी ठेवावं, समोर कडू तेवढं ठेवावं; मग मुकाट्याने राबते. ही रीत सरांना वेगळी शिकवायला नको. माझ्यावर त्यांनी ती नोकरीभर वापरली.

साक्षीदार:
१. शेजारच्या खाटेवरच्या शिक्षिका (वाचून सही केली)
२. वॉर्डातली परिचारिका (वाचायला वेळ नव्हता)

ठिकाण: खिडकीकडची खाट
दिनांक: ९ जानेवारी २०२४
सही: बुरशीवाल्या बाई